बूट

हस्तलिखित परत आलं, न्यूयॉर्कहून,
तपकिरी कागदात, माझ्याच सुतळीनं बांधलेलं.
फक्त गाठ वेगळी.

संपादक भला माणूस. लिहितो:
ताकद आहे तुमच्यात,
पण तो डेप्युटी शेरीफ फारच काळाकुट्ट रंगवलाय.
गोऱ्या माणसाला काळा रंगवल्याचा आरोप
मी दोनदा वाचला. हसलो.
तिसऱ्यांदा हसू आलं नाही.
पुढे लिहितो: त्याला एखादं मूल द्या, एखादा कुत्रा,
माणुसकीची एखादी खूण.
आणि शेवटी जरा उजाडू द्या.

रात्री अकरा ते सकाळी सात मी टपालघरात
खणाखणांत पत्रं टाकतो.
पिओरिया, कैरो, मेम्फिस.
मिसिसिपीच्या खणापाशी मनगट
अजूनही किंचित आखडतं,
आणि मी तर तिथं जन्मलोही नाही.

रविवारी ऑर्लीन आत्याकडे गेलो,
तिसरा मजला, एका शेगडीवर तीन बिऱ्हाडं.
चर्चच्या तळघरात चाळिशीनंतर वाचायला शिकली ती,
अजून ओळीखाली बोट धरते.
म्हणाली, दाखव तुझं एकोणिसावं प्रकरण.

त्यात फेटकाका पुलावर उभा आहे.
हात मागं बांधलेले, तीन कंदील, चौदा माणसं,
आणि तो बोलतोय.
दीड पान बोलतोय, न्यायावर, रक्ताच्या हिशोबावर,
येणाऱ्या पिढ्यांवर.
चार हिवाळे घासली होती मी ती वाक्यं.

आत्याचं बोट मध्येच थांबलं.
"हा कोण रे?"
"फेटकाका."
"फेट तोतरा होता."

शेजारच्या बिऱ्हाडाचा कोबी शिजत होता.
नळाखाली कुणीतरी भांडं ठेवलं.
"तू होतीस तिथं?"
"कापसाच्या गाड्याखाली. अकरा वर्षांची."
छत्तीस वर्षं हे वाक्य तिनं
कुणाच्या ताटात वाढलं नव्हतं.

"तो एवढंच म्हणाला: बूट.
बूट क्लेमला द्या, नवे आहेत.
तेवढ्यालाही वेळ लागला त्याला.
पहिल्या अक्षरावरच अडकला.
आणि ते थांबले रे.
चौदाजण उभे राहिले, शब्द पुरा होईपर्यंत.
एकानं खोकला दाबला.
मग तो डेप्युटी खाली वाकला,
नाड्या सोडल्या, गाठ न ओढता,
दुकानातला माणूस सोडतो तशा.
बूट कठड्यापाशी ठेवले, जोडीनं.
मग राहिलेलं केलं."

क्लेम म्हणजे माझे वडील.
ते बूट मला आठवतात. पलंगाखाली असायचे,
टोकांत वर्तमानपत्राचे बोळे अजून तसेच.
त्यांच्यातून चालतच ते शिकागोला आले,
तेरा वर्षांच्या पावलांना दोन मापं मोठे.
मी एकदा त्यांत पाय घालून खोलीभर फिरलो होतो.
आयुष्यात तेवढाच एकदा त्यांनी मला मारलं,
आणि का, ते सांगितलं नाही.

"लिहू हे?" मी विचारलं.
आत्यानं चष्मा पदरच्या फडक्यानं पुसला, घातला,
पुन्हा काढला.
"नको म्हटलं तर थांबणारेस?
लिही. पण त्याचं तोतरेपण काढू नकोस.
तुझं ते न्यायबियाचं भाषण
दुसऱ्या कुणाच्या तोंडी घाल.
ज्याला बोलता येत होतं अशा कुणाच्या."

दीड पान फाडलं.
संपादकसाहेब, तुम्ही मागितली होती ती खूण सापडली.
डेप्युटीचे हात फार हळुवार होते.
कुत्रा लागणार नाही.
उजाडण्याचं मात्र जमेलसं दिसत नाही,
ती रात्र आत्यापाशी अजून चालू आहे.

मशीनवर पहिलं अक्षर मारलं.
पुन्हा तेच. पुन्हा तेच.
पलीकडून भिंतीवर मूठ आपटली,
झोपू दे की लोकांना!

मी बोटं वर धरली, क्षणभर.
शब्द अजून पुरा व्हायचा होता.